तारेवर राहिलेली चिठ्ठी

मेकॅनिक आठवड्यातले सहा दिवस खोट्या सह्यांवर काढायचा आणि सातव्या दिवशी पोरांना खरं बोलायला शिकवायचा. यात काही चुकतंय असं त्याला बरीच वर्षं वाटलं नाही. तुम्हाआम्हालाही वाटत नाही, म्हणून तर सगळं सुरळीत चाललंय.

काम लिफ्ट सांभाळायचं. कंपनीकडे दीडशेच्या वर लिफ्ट होत्या आणि त्या बघायला माणसं दोन. दर महिन्याला प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर जायचं, मशीनची खोली उघडायची, ब्रेक बघायचा, दोर बघायचे, आणि मग कार्डावर सही करायची, असा नियम. नियम करणाऱ्याने दीडशेला दोनाने भागून बघितलं नव्हतं. मग एक तारखेला दोघे ऑफिसात चहा पीत बसायचे आणि महिनाभराच्या सह्या तासाभरात उरकायचे. त्यानंतर जिथून ओरड येईल तिकडे पळायचं. ‘ओरडली ती आजारी, गप्प बसली ती ठणठणीत,’ असं त्याचा जोडीदार म्हणायचा आणि स्वतःला डॉक्टर म्हणवून घ्यायचा.

रविवारी चर्चमध्ये मोठ्यांची उपासना चालू असताना मेकॅनिक मागच्या खोलीत पोरांचा वर्ग घ्यायचा. खोलीत मोडकी बाकं, एक फळा, आणि खिडकीच्या गजापासून भिंतीतल्या खिळ्यापर्यंत ताणलेली तार. तार त्यानेच बांधली होती. तिच्यावर कपडे वाळत घालायचे चिमटे. शब्द पाळणं म्हणजे काय, हे नुसतं सांगून पोरांच्या डोक्यात शिरेना, तेव्हा त्याने ही युक्ती काढली. देवासमोर शब्द द्यायचा तो चिठ्ठीवर लिहायचा, खाली सही करायची आणि चिमट्याने तारेला लावायचा. पाळला तर पुढच्या रविवारी सगळ्यांदेखत चिठ्ठी काढायची. नाही पाळला तर राहू द्यायची लटकत. ‘आईला उलट बोलणार नाही’ अशी एक चिठ्ठी चार महिन्यांत पिवळी पडली होती. तिचा मालक वर्गात येताना तिच्याकडे पाठ करून बसायचा.

वर्गात नऊ वर्षांची एक मुलगी होती. अंगाने इतकी बारीक की सगळे तिला पेन्सिल म्हणायचे, आणि तीही त्या नावाला ओ द्यायची. आईबाप लहानपणीच गेले, आत्याने वाढवलेली. पेन्सिलची चिठ्ठी तारेवर कधी दोन रविवार टिकली नाही. लिहायची ते करायची. अशी पोरं फार धोक्याची. आपण सांगतो ते त्यांना खरं वाटतं.

एका रविवारी तीच उभी राहिली.

“सर, तुमची चिठ्ठी कधीच नसते.”

“मी मोठा आहे.”

“मग मोठ्या अक्षरात लिहा.”

वर्ग खिदळला. मेकॅनिकलाही हसू आलं. “बरं, सांग. काय लिहू?”

“आमची लिफ्ट बघा. थांबली की गचका देते आणि मग हळूच खाली सरकते. आत्या म्हणते, त्या डब्यात मी पाय ठेवणार नाही. कपड्यांचा गठ्ठा घेऊन पाच जिने चढते. वर आली की किती वेळ बोलतच नाही, नुसती श्वास घेते.”

आत्या शिवणकाम करायची. दुकानातून कापलेले कपडे आणायचे, शिवून परत द्यायचे. मेकॅनिकला ती इमारत माहीत होती, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीची किल्ली आत्याच्याच दाराआड खिळ्याला असायची. आणि थांबल्यावर सरकते म्हणजे काय हेही त्याला ऐकताक्षणी कळलं. ब्रेकचे पट्टे झिजले. अर्ध्या तासाचं काम. त्याने मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘या आठवड्यात पेन्सिलच्या इमारतीची लिफ्ट उघडून तपासेन.’ सही केली आणि चिठ्ठी लावली. ती सही त्याने मनापासून केली होती. त्याच्या बाजूने सांगण्यासारखं आहे ते एवढंच.

सोमवार, मंगळवार, बुधवार दुसरीकडे गेले. गुरुवारी तो हत्यारांची पिशवी घेऊन त्या गल्लीच्या तोंडापर्यंत पोचलाही होता. तेवढ्यात मालकाचा फोन आला. बँकेचा मोठा साहेब लिफ्टमध्ये अडकलाय, आहेस तसा निघ. तो निघाला. साहेब घामाघूम होऊन बाहेर आला आणि आभार न मानता गेला. शुक्रवारी, शनिवारी हेच, साहेब तेवढे वेगळे.

रविवारी तो वर्गात आला तर त्याच्याआधीच बारा पोरं तारेखाली जमलेली. सरांची चिठ्ठी निघताना बघायची होती सगळ्यांना. त्याने ‘नाही जमलं’ एवढे दोन शब्द बोलायचे होते. चिठ्ठी तशीच सोडायची होती. शब्द मोडला तर कबूल कसा करायचा, याचा इतका सुरेख पाठ दुसरा झाला नसता. त्याने हात वर केला आणि चिमटा काढला.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. पेन्सिलने नाही.

“सर, कधी आलात? मी रोज दुपारी दारातच अभ्यास करते.”

“सकाळी. तू शाळेत होतीस.”

“आत्या किल्लीचं काही बोलली नाही.”

“माझ्याकडे दुसरी आहे.”

तिने क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा मोकळा झाला. “मग ती चिठ्ठी मला द्या. आत्याला दाखवते. तिचा विश्वासच बसत नाही कुणावर.”

त्याने दिली.

आत्याचा खरंच बसला नाही. त्या खोलीला किल्ली ही एकच, ती खिळ्यावरून हलली नाही आणि लिफ्ट तपासून झाली, हे कसं काय, असं ती विचारत राहिली. दोन दिवस घरात वाद. शेवटी पोरीने चिठ्ठी शिलाई मशीनवर ठेवली. “सर चिठ्ठी काढतात म्हणजे पाळलेलंच असतं. सर खोटं बोलतात असं म्हणायचंय का तुला?” चर्चला जाणाऱ्या बाईला असं म्हणायचं नव्हतं. मंगळवारी भला मोठा गठ्ठा घेऊन ती लिफ्टमध्ये चढली. पाचव्या मजल्यावर दार उघडलं. गठ्ठा आधी बाहेर ढकलावा म्हणून ती वाकली आणि लिफ्ट खाली घसरली. ती आत राहिली. उजवा हात बाहेर राहिला.

डॉक्टरांनी तो कोपरापासून काढला.

मेकॅनिक मालकाकडे गेला. मालक म्हणजे नुसता कंपनीचा मालक नव्हे, चर्चच्या कमिटीतला मोठा माणूस. पहिल्या बाकावर बसायचा, प्रार्थनेला आवाज असा की छतावरची कबुतरं उडावीत. त्याने मेकॅनिकला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

“कार्डावर सही आहे?”

“आहे.”

“मग तपासली होती.”

“मालक, मी गेलोच नव्हतो.”

“ते मी विचारलं नाही.” मालकाने दार लोटून घेतलं. “एक सही खोटी निघाली तर दीडशे खोट्या निघतील. तू आत, तुझा जोडीदार आत, मी आत. मग त्या बाईचं औषधपाणी कोण बघणार? चर्च? चर्च प्रार्थना करील. दवाखान्याचं सगळं मी अंगावर घेतलंय.”

“पण किल्ली त्यांच्याकडे असते. सरकारी निरीक्षक तपासाला आला की विचारणार.”

“बाई तापात आहे, ती काय सांगणार. विचारतील पोरीला. तिच्याशी बोललोय मी. तू आला होतास असं सांगेन, असा शब्द दिलाय तिने.” मालक हसला, अगदी प्रेमाने. “चांगलं शिकवलंस हो तू. शब्दाला पक्की आहे पोरगी.”

घरी बायकोने ताट वाढलं आणि समोर बसली. त्याने सगळं सांगितलं. तिने ताटात आणखी एक पोळी वाढली.

“खरं सांगितलंत तर तिचा हात परत उगवणार आहे का?” मग म्हणाली.

“नाही.”

“मग जेवा.”

“आणि ती पोर?”

“अहो, पोरं विसरतात.” मग ताटाकडे बघत म्हणाली, “आपण नाही का विसरलो, लहानपणी शिकवलेलं.” त्याने पहिला घास घेतला.

निरीक्षक सोमवारी येणार होता. आदल्या दिवशी, रविवारी, पेन्सिल वर्गाला आली. दवाखान्यातून थेट, कालच्याच कपड्यांत. बाकीची पोरं गेली तरी ती बाकावरून उठेना.

“सर, एक विचारू? शब्द पाळायचा की खरं बोलायचं?”

मेकॅनिक फळा पुसत होता. पुसून झालेला फळा तो पुन्हा पुसायला लागला.

“तुम्ही दोन्ही शिकवलंत,” ती म्हणाली. “मी रात्रभर बघितलं करून. दोन्ही एकदम होत नाहीत.”

“तू खरं काय ते...” त्याने डस्टर टेबलावर ठेवलं.

“किल्ली खिळ्यावरच होती, सर. तिच्यावर कोळ्याचं जाळं होतं. मी कालच बघितलं.” तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं. “आत्याला मी पाठवलं लिफ्टमध्ये. ती नको म्हणत होती. म्हणजे खोटं मीच बोलले ना?”

“नाही. तू नाही.”

“मग कोण?”

खोलीत दोघंच. तार, चिमटे, पिवळी चिठ्ठी. बाहेर मोठ्यांचं शेवटचं गीत चालू होतं आणि त्यात मालकाचा आवाज सगळ्यांच्या वर. मेकॅनिकला उत्तर पाठ होतं. नुसतं पाठ नव्हे, त्याने ते मागच्याच वर्षी याच फळ्यासमोर शिकवलं होतं. वाढदिवसाच्या जेवणावळीत भरल्या तोंडाने ‘मागशील ते देईन’ अशी शपथ घेतलेला बायबलातला राजा, आणि दिलेला शब्द मोडवेना म्हणून त्याने तबकात मागवलेलं बाप्तिस्मा देणाऱ्या निरपराध संताचं शीर. चुकीचा दिलेला शब्द मोडायचाच असतो, देवाला तो नकोच असतो, असं त्याने तेव्हा टेबलावर हात आपटून सांगितलं होतं. पेन्सिलने ते वहीत उतरवून घेतलेलं. आता तेवढं एक वाक्य पुन्हा बोलायचं होतं. बोललं की ही पोर सुटली असती. आणि तो अडकला असता.

“मोठ्यांना दिलेला शब्द पाळावा,” तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्या राजाची गोष्ट तिलाही आठवत असणार. नसेलच असं कसं म्हणायचं? पण तिने ती काढली नाही. मान हलवली, टेबलावरच्या कागदाचा तुकडा फाडला, काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि बाकावर चढून ती चिठ्ठी तारेला लावली. मग खाली उतरून चपला घालून गेली.

सोमवारी दुपारी पाचव्या मजल्यावर, त्या बंद लिफ्टसमोर निरीक्षक उभा होता, बाजूला मालक आणि मेकॅनिक. वयस्क, कंटाळलेला, पण माणूस वाईट नव्हता. पोरीशी बोलायला गुडघ्यावर बसला.

“बाळ, हे काका त्या आठवड्यात लिफ्ट बघायला आले होते?”

“आले होते.”

“तू बघितलंस?”

“हो. त्या दिवशी पोट दुखत होतं म्हणून मी शाळेत गेले नव्हते. आत्या आंघोळीला गेली होती. किल्ली मीच काढून दिली. सर म्हणाले, थँक्यू. आणि हात काळे झाले होते म्हणून मी पाणी दिलं.”

मालकाने तिला इतकं शिकवलं नव्हतं. पोट, आंघोळ, काळे हात, हे सगळं तिचं. मेकॅनिकला वाटलं, आता बोलावं. घसा साफ केला. निरीक्षकाने वर बघितलं.

“काही सांगायचंय?”

मेकॅनिकने मालकाकडे नाही बघितलं, बायको आठवली नाही, देवही नाही. त्याने पोरीकडे बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं की आता खरं बोललं तर सरकारी माणसापुढे ही खोटी ठरते. हे कारण त्याला फार बरं वाटलं. इतकं सोयीचं कारण आयुष्यात मिळालं नव्हतं.

“नाही,” तो म्हणाला. “तिला बसू द्या. दमलीय.”

निरीक्षकाने लिहून घेतलं. लिफ्टच्या सुट्या भागात अचानक दोष, देखभाल नियमाप्रमाणे. निघताना पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. “गुणाची आहे हो,” म्हणाला.

पुढच्या रविवारी वर्ग भरला. मेकॅनिकने वर्ग सोडून द्यायचा विचार केला होता, पण चर्चचे पाळक म्हणाले, तुमच्यासारखं शिकवणारं दुसरं कोण आहे. मालकाने वर्गासाठी नवी बाकं पाठवली होती. पोरं त्यांच्यावर उड्या मारत होती. पेन्सिल कोपऱ्यात बसली होती आणि आत्याच्या अर्धवट राहिलेल्या कपड्याला बटण लावत होती. सुई वारंवार बोटात जात होती. ती बोट चोखायची आणि पुन्हा टोचायची.

चिठ्ठ्या काढायची वेळ झाली. एकेकाने काढली. सगळ्यात लहान पोर बोट दाखवून म्हणालं, “सर, पेन्सिलताईची राहिली.”

“काढ गं,” मेकॅनिक म्हणाला.

“ती काढायची नाही,” ती बटणावरची नजर न उचलता म्हणाली. “पाळून झाली की काढतात ना? ही संपत नाही.”

पोरं गेल्यावर त्याने ती घडी उघडून वाचली. ‘सर आले होते.’ खाली तिची सही, नीट, एका रेषेत.

त्याने घडी पुन्हा होती तशी घातली, चिमटा लावला आणि फळ्यावर पुढच्या रविवारचा पाठ लिहून ठेवला.

त्यानंतर ‘सर, तुमची चिठ्ठी?’ असं वर्गात कुठल्याही पोराने विचारलं नाही. एक तारखेला तो ऑफिसात गेला. जोडीदाराने चहा मागवलेला होता. कार्डांचा गठ्ठा समोर होता. सगळ्यात वर त्याच इमारतीचं कार्ड होतं, आणि त्याने सही केली.