शोभेच्या मीठदाण्या

खिडकीजवळच्या टेबलावर जी मीठदाणी होती, तिच्यातलं मीठ डाव्या बाजूला किंचित उंच होतं. मीठदाणी सरळ उभी होती, टेबलही सरळ होतं. कधीतरी कोणीतरी ती कलती ठेवली असणार, आणि आतलं मीठ त्याच उतारावर घट्ट होऊन बसलं असणार. झाकणाच्या भोकांवर पांढरी साय धरली होती. सुनेने ती उचलून कानाशी हलवून पाहिली. आवाज आला नाही. मीठ हवेतलं पाणी धरतं, सुकतं, पुन्हा धरतं, आणि शेवटी त्याचा दगड होतो. त्यासाठी अट एकच, मधे कोणी हात लावायचा नाही.

या खानावळीत तसा हात कोणी लावत नसे, आणि सासऱ्यांना त्याचाच अभिमान होता. खानावळ लहानशीच, रस्त्याला लागून, एका बाजूला किल्ल्या करून देणाऱ्याचं दुकान आणि दुसऱ्या बाजूला लाँड्री. जेवायला रोज एकच गोष्ट असे, सूप आणि पाव. सूप घट्ट, त्यात बटाटे, गाजरं, डाळ आणि त्या दिवशी बाजारात जे स्वस्त असेल ते. नवीन गिऱ्हाईक बसल्या बसल्या सवयीने मीठदाणीकडे हात न्यायचं, तेव्हा सासरे स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायचे, "आधी एक घास घ्या, मग लागलं तर घाला." घास घेतल्यावर हात मागे यायचा. मीठदाण्या टेबलावर का ठेवायच्या, असं सुनेने लग्न होऊन आल्यावर विचारलं होतं. "नसल्या तर त्यांना वाटेल, आपण नाही म्हणतोय," सासरे म्हणाले होते. "असल्या की त्यांचं त्यांनाच कळतं."

सून त्याआधी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. ती जागा बंद झाली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "दुसरं मिळेपर्यंत गल्ल्यावर बस." ती बसली. गल्ल्यावरून अख्खी खानावळ दिसे आणि करायला फारसं काही नसे, म्हणून ती बघत असे. बघायची तिला सवयच होती.

मागच्या थंडीत सासरे तापाने आडवे झाले. उठले, हिंडूफिरू लागले, पातेल्यापाशी उभे राहिले, आणि त्याच दिवसापासून टेबलांवरचे पाण्याचे तांबे लवकर रिकामे होऊ लागले. एका तांब्यावरून तिने काही ठरवलं नाही. थंडीत माणसं पाणी कमी पितात, इथे उलट चाललं होतं, हे तिने नुसतं मनाशी ठेवलं. मग त्या दिवशी दुपार ओसरल्यावर घरची चौघं जेवायला बसली, तिने पहिला घास घेतला, आणि तिला तपासण्यासारखं काही उरलं नाही.

सूप खारट नव्हतं. खारट म्हणजे ज्यात मीठ जास्त झालंय असं सूप. हे सूप घातलेलं मीठ होतं.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पाणी पीत होता. सासूबाईंनी पाव मोठा तोडला. सासऱ्यांनी स्वतःला आणखी एक पळी वाढून घेतली आणि म्हणाले, "आज गाजरं चांगली होती."

"हो," नवरा म्हणाला.

घरात एक नियम होता. पातेल्यातलं सूप फक्त सासरे चाखत. दुसऱ्या कोणी पळीला जीभ लावायची नाही. त्यांच्या वडिलांनी आणि काकांनी एकत्र खानावळ चालवली होती, आणि एकाने मीठ घातलं की दुसरा येऊन लिंबू पिळायचा. शेवटी दोघे वेगळे झाले ते एका पातेल्यावरूनच. तेव्हापासून पातेल्याला एकच जीभ. नियम इतका जुना झाला होता की चाखणाऱ्याला चवच लागत नसेल तर काय करायचं, याचा विचार त्यात कोणी केलेला नव्हता.

मागच्या अंगणात भांडी घासायच्या नळापाशी तिघांची बैठक झाली.

"तू सांग," ती नवऱ्याला म्हणाली. "तुझे वडील आहेत."

"म्हणूनच नको. माझ्या तोंडून त्यांनी आजवर एकच शब्द ऐकलाय, 'हो'. एकदम दुसरा ऐकला तर त्यांना धक्का बसेल."

"आई, तुम्ही?"

सासूबाई पातेलं उलटं करून ठेवत म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मला एक दिवस चूल पेटवावी लागली नाही. त्याच्या बदल्यात मी एक दिवस जेवणाला नावं ठेवली नाहीत. आमचं त्यावरच चाललंय. मी कुठून सांगू?" मग थोडं थांबून, "तूच सांग. तू शिकलेली. तुझं ऐकतात ते."

"माझं कधी ऐकलं त्यांनी?"

"तू अजून काही बोललीच नाहीस ना. म्हणून तर."

बैठक तिथेच संपली.

गिऱ्हाइकांनीही काही सांगितलं नाही. खानावळीतलं जेवण बिघडलं की माणसं भांडत नाहीत, येत नाहीत एवढंच. आधी मालमोटारवाल्यांचं टेबल रिकामं झालं. मग बँकेतल्या दोघी पलीकडच्या कोपऱ्यावरच्या नवीन जागेत दिसू लागल्या. काचेतून सुनेशी नजरानजर झाली की मेन्यू वर धरायच्या. सासरे दारात उभं राहून म्हणायचे, "सुट्ट्यांचे दिवस आहेत." सुट्ट्या कोणाच्या, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. असंच चाललं तर घराचं भाडं भागवायला पातेलं विकावं लागेल, हे चौघांनाही दिसत होतं. त्यातल्या तिघांना कारणही माहीत होतं.

एक माणूस मात्र रोज येत होता. रस्त्यापलीकडचे शिंपीकाका. सासऱ्यांच्याच वयाचे, आणि इतक्या वर्षांत त्यांनी या खानावळीबद्दल एकदाही बरा शब्द काढलेला नव्हता. बसता बसता सुरू व्हायचे. "आज सूप केलंयस की कपडे भिजवलेयस?"

"तू शिवलेली विजार घालून लोक खाली बसायला घाबरतात," आतून सासरे. "तरी तुझं दुकान चालतंच ना? खा गुपचूप."

"खातोय. दुसरीकडे कोण फुकट पाणी देणार?"

ताप येऊन गेल्यावर शिंपीकाकांनी पहिल्याच घासाला चमचा खाली ठेवला होता आणि म्हणाले होते, "अरे, समुद्र आटवलास की काय?" सासरे पोट धरून हसले होते. रोजचीच थट्टा वाटली त्यांना. खरं सांगणारा एकच माणूस होता, आणि त्याने खोटं इतकं रेटून ठेवलं होतं की खऱ्याला जागाच उरली नव्हती.

मग सुनेने ठरवलं, बोलणं होत नाही तर निदान काहीतरी करावं. मिठाच्या डब्यात सासऱ्यांचा एक लाकडी चमचा असे, कडा झिजलेला, काळा पडलेला. ते त्याने मोजून मीठ घालत, आणि ताप गेल्यापासून शेवटी वरून आणखी एक चमचा घालू लागले होते. तिने बाजारातून तसाच पण लहान चमचा शोधून आणला, चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवून काळा केला, आणि पहाटे डब्यात ठेवून दिला. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. तिने एकच बदलली.

बाकीच्या दोघांनीही एकेकच बदलली.

सासरे सूप चाखून झालं की पुढे जाऊन दार उघडत आणि बाहेरच्या फळ्यावर खडूने "आज सूप" असं लिहीत. त्या दिवशी ते खडू घेऊन बाहेर गेले आणि नवऱ्याने उकळत्या पाण्याची किटली पातेल्यात रिकामी केली. मग तो गाजराची सालं टाकायला मागे गेला आणि सासूबाई आत आल्या. त्यांनी शेजारच्या लाँड्रीवालीकडे गुपचूप शिजवून ठेवलेली बिनमिठाची डाळ पदराआडून आणली होती. ती ओतली, ढवळली, आणि बाहेर येऊन पाव मोजू लागल्या. तिघेही आपापल्या जागी शांत होते, जशी चांगलं काम उरकलेली माणसं असतात.

दुपारी सात-आठ गिऱ्हाइकं होती. सासूबाईंनी वाडगे मांडले. सून गल्ल्यावरून बघत होती.

खिडकीजवळच्या माणसाने एक घास घेतला. थोडा थांबला. त्याने मीठदाणी उचलली आणि उलटी केली. काही पडलं नाही. त्याने ती हलवली, मग टेबलाच्या कडेवर आपटली. टक. पलीकडच्या नर्सबाईंनीही आपली उचलली. टक टक. भिंतीशी बसलेला रंगारी मीठदाणीचं भोक आगपेटीच्या काडीने कोरू लागला. थोड्याच वेळात सगळ्या खानावळीत लोहाराच्या दुकानासारखा आवाज सुरू झाला.

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा आईकडे बघत होता. आई पाव मोजायच्या थांबल्या होत्या. तिघांनाही तीन गोष्टी एकदम कळल्या.

आवाज स्वयंपाकघरात पोचला. सासरे दारात आले. टॉवेलला हात पुसता पुसता थांबले आणि टेबलामागून टेबल बघत गेले, म्हणजे माणसांकडे नाही, हातांकडे. टकटक बंद झाली. रंगाऱ्याने काडी खिशात घातली.

सासऱ्यांनी एक वाडगा भरून आणला आणि ते शिंपीकाकांच्या समोर बसले. गिऱ्हाइकांसमोर ते कधी बसत नसत. एक घास घेतला, तोंडात धरला, गिळला. मग दुसरा.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

शिंपीकाकांनी त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आपल्या वाडग्यात बघत म्हणाले, "छान झालंय."



"मीठ?"

"बरोबर आहे. अगदी बरोबर आहे." आणि शिंपीकाकांनी वाडगा तोंडाला लावून ते कोमट पाणी शेवटपर्यंत पिऊन दाखवलं.

सासरे उठले, टॉवेल खांद्यावर टाकला, आत गेले.

गिऱ्हाइकं गेल्यावर तिघं आत आली. सासरे स्टुलावर बसले होते. पातेलं समोर होतं, मिठाचा डबा मांडीवर, आणि हातात तो लहान चमचा. ते तो उलटसुलट करून बघत होते.

"हा माझा नाही," ते म्हणाले.

"मी ठेवला," सून म्हणाली.

"मी पाणी घातलं," नवरा म्हणाला. "एक किटली."

सासूबाई म्हणाल्या, "मी डाळ." मग, जणू त्याने काही हलकं होईल म्हणून, "चांगली शिजलेली होती."

सासऱ्यांनी मान हलवली. "म्हणजे सूप सगळ्यांनी केलं. मी सोडून."

 नळ ठिबकत होता. नवऱ्याने जाऊन तो घट्ट केला.

"बाहेर घास घेतला तेव्हा मला काही कळलं नाही," सासरे म्हणाले. "गरम आहे एवढं कळलं. तापानंतर तेवढंच कळतं. पण तो छान म्हणाला ना, तेव्हा कळलं. त्या माणसाने मला कधी छान म्हटलंय? माझ्या लग्नात म्हणाला होता, मुलीचं कसं होणार."

"म्हणाले होते," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

नवरा म्हणाला, "पहिल्या दिवसापासून."

"आणि बोललं कोणी नाही."

"तुम्ही तरी कुठे बोललात?" सासूबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तुम्हाला आमच्याही आधी माहीत होतं."

सासऱ्यांनी चमचा डब्यात ठेवला, झाकण लावलं. "कमी पडू नये म्हणून एक जास्तीचा घालायचो," ते म्हणाले. "मीठदाणीला कोणी हात लावला असता तर मला तिथल्या तिथे समजलं असतं. कोणी लावत नव्हतं. मला वाटलं, जमतंय." ते थोडा वेळ पातेल्याच्या कडेवर अंगठा फिरवत बसले. मग उठले, खांद्यावरचा टॉवेल घडी घालून फडताळात ठेवला. रोज ते तो दोरीवर वाळत टाकत असत. "उद्या बंद ठेवू," ते म्हणाले. "फळ्यावर लिहून टाक रे."

"किती दिवस लिहू?" नवऱ्याने विचारलं.

"नुसतं बंद लिही."

नवऱ्याने खडू घेतला. सासूबाई फडताळाकडे बघत राहिल्या. त्या दोघांपैकी कोणी काही बोलेल म्हणून सून थांबली. थंडीपासून ती थांबलीच होती. गल्ल्यावर दुसरं मिळेपर्यंत, नवरा बोलेपर्यंत, आई बोलेपर्यंत, चहाच्या पाण्यात चमचा काळा होईपर्यंत. आणि आता नवरा खडू घेऊन दारापर्यंत पोचला होता.

तिने पुढे होऊन पातेल्यातली पळी उचलली. तळाशी जे उरलं होतं त्यातलं थोडंसं घेतलं, फुंकर घातली आणि सगळ्यांच्या देखत जिभेला लावलं. चाखायला त्यात काही नव्हतं.

"खडू ठेव," ती नवऱ्याला म्हणाली. मग सासऱ्यांकडे वळून, "बाबा, उद्या उघडायचं. सूप तुम्हीच करायचं. चाखणार मी."