मिफशाट

दातकाकांचा धंदा कवळ्या बनवण्याचा आणि नाद भाषा बनवण्याचा. घराच्या पुढच्या खोलीत मेणाचे जबडे ओळीने वाळत असत आणि काका त्यांच्याकडे बघत पुटपुटत असत. त्यांच्या भाषेत प्रत्येक शब्दाचा सांगाडा तीन व्यंजनांचा. त्यात स्वर बदलून भरायचे, की अर्थ कूस बदलायचा. फ-श-ट म्हणजे चावणं. फशट म्हणजे चावलं, फाशिट म्हणजे चावणारा.

मोठी बहीण त्यांच्यासोबत राहायची. दोघंही एकटी. ताईंना या भाषेचं कौतुक म्हणाल तर शून्य. एकदा काकांनी ख-म-ल म्हणजे ऊब असं ठरवलं. मग जागा दाखवणारा ‘म’ पुढे लावून अंथरुणासाठी शब्द केला आणि हरखून ताईंना ऐकवला.

“मखमल? अरे, ती दुकानात मीटरवर मिळते!” ताई पोट धरधरून हसल्या. काकांनी तो सांगाडा मुकाट्याने रद्द केला.

एके दिवशी सकाळी एक म्हातारा नट नवी कवळी बसवून घ्यायला आला. कवळी बसली झकास, पण ‘श’ म्हटला की शीळ वाजायची. नट रडकुंडीला आला. “पुढच्या आठवड्यात प्रयोग आहे हो! मी राजा, आणि दरबारात शिट्ट्या मारू?”

काकांनी कानस घेऊन कवळी जराशी घासली. “आता जिभेला वळण लावू. म्हणा, फशट, फाशिट.”

नटाने म्हटलं. पुन्हा म्हटलं. शीळ बारीक होत गेली आणि त्याला गंमत वाटू लागली. “कुठली हो ही भाषा?”

“माझीच,” काका लाजत म्हणाले.

“अस्सं? मग कवळीला काय म्हणतात तुमच्यात?”

काकांचा चेहरा पडला. जन्मभर कवळ्या केल्या आणि तिलाच शब्द नाही! ते डोकं खाजवत राहिले.

“मिफशाट,” दारातून आवाज आला. चहाचा ट्रे घेऊन ताई उभ्या होत्या. “हत्यारांना पुढे ‘मि’ लावतोस ना तू? शेवटच्या अक्षराआधी ‘आ’ ओढतोस. चावायचं हत्यार, मिफशाट.”

काकांनी कानस खाली ठेवली. “ताई, तुला कसं येतं?”

“आली मोठी अवघड भाषा! एवढी वर्षं याच घरात राहते, कानात बोळे घालून नाही बसले.”

“मिफशाट!” नटाने खणखणीत आवाजात म्हटलं. शीळ नाही! त्याने उठून ताईंना मुजरा केला. ताई “चहा गार होतोय” म्हणाल्या खऱ्या, पण पदराआड हसू लपेना.

त्या रात्री जेवताना काकांनी भीतभीत आपल्या भाषेत मीठ मागितलं. ताईंनी मीठ सरकवलं आणि त्याच भाषेत फटकारलं, आधी चव तर बघ. क्रियापद चुकलं होतं. काकांनी तोंड उघडलं, मग मिटलं. चुकीचं रूप कानाला अधिक गोड वाटत होतं.

“काय झालं?” ताईंनी विचारलं.

“काही नाही. आजपासून असंच म्हणायचं.”

“म्हणजे मी चुकले?”

“चुकली होतीस. आता नाहीस.”

ताईंनी विजयी मुद्रेने त्यांच्या पानात आणखी भात वाढला आणि स्वयंपाकघरातल्या एकेका भांड्याचं बारसं करायला घेतलं.