सात परस

गोदावरीवर पूल बांधण्यासाठी जपानी, इटालियन आणि जर्मन अशा तीन कंपन्या परभणीत येऊन थडकल्या, आणि तिघींचंही घोडं अडलं ते मुंजाजी नावाड्यापाशी.

साल चौऱ्याहत्तर. पुलाच्या जागी नदीचा डोह किती खोल, हे मुंजाजीनेच सांगितलं होतं, आणि खरं सांगितलं होतं: सात परस. परस म्हणजे दोन्ही हात वर करून उभा राहिलेला माणूस. इकडे विहिरी तशाच मोजतात. पण इंजिनिअर दिनकरराव पुण्याचे. त्यांच्या घरी परस मागच्या दारी असायचा आणि त्यात अळू लावलेलं असायचं. त्यामुळे इंग्रजी टेंडरात डोह सात परसबागा खोल झाला. जपान्यांनी अदबीने विचारलं, बागा केवढ्या?

मग चौकशी बसली. दोर सोडून डोह मोजावा, हे एकाही शहाण्याला सुचलं नाही. कागदावर परस होता, तेव्हा परसच मोजायचा, आणि तोही सांगणाऱ्याचाच, असं ठरलं.

कचेरीचं बोलावणं आल्यापासून मुंजाजी एकच हिशेब करत होता. पूल झाला की नाव बुडाली. मग ऊस तोडायला जाणं आलं, आणि बायकोच्या, कडूबाईच्या, कंबरेत आता ते बळ राहिलं नव्हतं. त्याने आपल्या परीने अक्कल लढवली: डोह जितका खोल, तितकं सरकार घाबरणार.

कचेरीत त्याला भिंतीला टेकवून उभं केलं. मुंजाजीने हात वर केले आणि मुद्दाम पायघोळ नेसलेल्या धोतराआड हळूच टाचा चार बोटं उचलल्या.

"सहा फूट आठ इंच!" शिपाई ओरडला. साताने गुणून शेहेचाळीस फूट आठ इंच झाले. तिन्ही कंपन्यांच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

दिनकररावांनी त्याचा हात हातात घेतला. "मुंजाजी, पूल तुमच्यामुळे होतोय. पंचेचाळीस फुटांच्या आत भरला असता, तर परदेशी कर्ज मिळत नव्हतं. फाईल कायमची कपाटात गेली असती. दीड-दोन फुटांनी वाचलो बघा!"

मुंजाजी आपल्या टाचांकडे बघत राहिला. त्याला रडू येत होतं.

घरी आल्यावर त्याने सगळं सांगून टाकलं.

"जलमभर सायबाम्होरं वाकून उभं ऱ्हायलाव," कडूबाई म्हणाली, "आन आजच कशाला उंच व्हायचं सुचलं तुमाला?"