खलाला वेलदोड्याचा वास

मित्रांनो, मी एक जुना खल आहे, अकीक दगडाचा, तळहाताएवढा. खंबातच्या कारागिराने मला घडवलं आणि मी नगरच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आलो. माझ्यात आलं-लसूण वाटायचं नव्हतं. नव्या लिथियम-आयन बॅटरीच्या धन टोकासाठी लागणारी काळी पूड माझ्यात घोटली जायची. गोष्ट १९९८ची.

घोटणारी होती यशोधरा, तिथली संशोधक विद्यार्थिनी. वडील एमआयडीसीत कामगार. त्या पुडीतून वीज नीट वाहत नसे, म्हणून ती ग्रॅफाइटचे पापुद्रे पातळात पातळ करून तिच्यात मिसळायची. चार-चार तास घोटायची आणि मग मला लख्ख धुवायची. पूड पुण्याला जाई, तिथे तिच्या छोट्या बॅटऱ्या बनत, आणि त्या इतरांपेक्षा दुप्पट टिकत. तिचे मार्गदर्शक हराळ सर म्हणायचे, "पोरगी लई चिकाटीची आहे." मला ते देवमाणूस वाटायचे.

मग पुण्याहून समिती आली. यशोधराने त्यांच्यासमोर पूड घोटायची आणि ती त्यांनी नेऊन तपासायची, असं ठरलं. बॅटरी टिकली तर तिला शिष्यवृत्ती, नाहीतर संशोधन तिथेच संपणार. त्या सकाळी सरांना पाहुण्यांच्या चहात वेलदोडा हवा होता. हाताशी मी होतो. त्यांनी माझ्यात वेलदोडे कुटले!

शिपाई लंकाबाई म्हणाली, "सर, धुऊन आणू का? लई वास मारतोय त्याला."

"राहू दे, पुसलाय मी." रुमालाने!

यशोधराने मला हातात घेताच हळूच विचारलं, "सर, खलाला वेलदोड्याचा वास येतोय का?"

"अगं, चहाचा वास आहे तो. खोलीभर झालाय."

तिने विश्वास ठेवला. दगडाला कुठे तोंड असतं?

माझ्या अंगाला राहिलेलं वेलदोड्याचं तेल पुडीत उतरलं आणि बॅटऱ्या दहा दिवसांत मेल्या. समितीने कारण विचारलं, तेव्हा सरांनी लिहून दिलं: विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा. ते वाचून यशोधरा एवढंच म्हणाली, "सर, मी विचारलं होतं तुम्हाला." सरांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. सगळं ठाऊक असलेली लंकाबाईही झाडू उचलून निघून गेली. ज्यांना मी आपलं मानलं, त्यांनीच केसाने गळा कापला.

यशोधरा पुन्हा आली नाही. त्या वर्षी खंडेनवमीला सरांनी मला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि आसपास कोणी नाही असं बघून पुटपुटले, "चुकलं बाबा माझं."

मित्रांनो, मला सांगून काय उपयोग? वापरलेलं भांडं धुऊन ठेवा. आणि चूक झाली, तर जिचं नुकसान झालं तिच्यासमोर जाऊन बोला. सरांना यशोधराचं घर माहीत होतं. सायकलवर दहा मिनिटं लागतात.