गोधडीवरची स्पोर्ट्स कार

साडेसहा फुटी मधुसूदनला जुन्या स्पोर्ट्स कारचा भारी नाद. पण आजवर एकीतही त्याचं डोकं मावलं नव्हतं. केळापूरच्या भगवानरावांनी त्याच्यासाठी आपल्या तसल्याच जुन्या गाडीची ड्रायव्हरची सीटच काढली आणि तिथे गोधडीची घडी टाकली.

“बसा आता साहेब. मावता का नाही पाहू.”

डोकं मावलं. मधुसूदनने हरखून गाडी काढली, आणि उतारावर त्याच्या ध्यानात आलं. दोन्ही गुडघे स्टीअरिंगखाली अडकले होते. स्टीअरिंग वळेना, पाय ब्रेकवर जाईना. समोर भर रस्त्यात सप्ताहाचा मांडव होता, आत बायामाणसं कीर्तनात रंगलेली. हॉर्नही वाजेना.

“पांडुरंगा, यांना सांभाळ,” एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

जीव खाऊन त्याने डावा पाय ओढला आणि कीर्तनात बसतात तशी मांडी घातली. तेवढ्याने उजव्या गुडघ्याला वाट मिळाली, पाय ब्रेकवर पडला. मांडवाच्या बांबूपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. आत नामगजर चालूच होता.

भगवानराव धापा टाकत आले. “काहून उतरून नाही राह्यले साहेब? लईच आवडली वाटते.”

मधुसूदनने मांडी तशीच ठेवून मांडवाकडे हात जोडले. “पायांत त्राण नाही हो. एवढा गजर ऐकू द्या, मग दोघं मिळून गाडी ढकलत नेऊ.”