पिण्यास योग्य

शहरात नळाने येणारं पाणी लोकांच्या आधी माझ्या तोंडात येतं. पीत नाही मी ते. घोळवतो आणि थुंकतो. जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं माझं हेच काम. यंत्रं आहेत, पण शेवटचा शब्द जिभेचा. पाण्याला लोखंडाची, शेवाळाची, कसलीही चव लागली की ते नापास. काहीच लागलं नाही तर मी कागदावर 'पिण्यास योग्य' लिहितो आणि खाली सही करतो. याहून मोठं कौतुक आमच्या धंद्यात नाही. हाताखालचे लोक मला पाठीमागे 'जीभसाहेब' म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही.

आमची एकुलती एक मुलगी एका मोठ्या हॉटेलात जेवण वाढते. तिला आता गिऱ्हाइकांना वाइन सुचवायचं काम हवं होतं आणि त्याला परीक्षा होती. समोर तीन ग्लास, नावं झाकलेली. त्यातली मालबेक नावाची तांबडी वाइन कोणती ते ओळखायचं आणि तिचं वर्णन लिहायचं. पहिल्या खेपेला ती नापास झाली. दुसरी खेप शुक्रवारी होती. मी तिच्याकडून शब्द घेऊन ठेवला होता की या वेळी जमलं नाही तर तिने मुकाट्याने माझ्या प्रयोगशाळेत यायचं. तिथे एक जागा रिकामी होती. त्या जागेवरचं स्टूल मी रोज स्वतःच्या हाताने पुसत होतो, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी तिने जेवणाच्या टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या, एक मालबेक आणि एक तिच्यासारखीच दिसणारी दुसरी तांबडी वाइन, कॅबर्ने.

"बाबा, मी तोंड फिरवून बसते. तुम्ही ग्लासांत ओता आणि कशात काय आहे ते लक्षात ठेवा. आईला नुसत्या वासाने शिंका येतात."

"असल्या गोष्टीला मी हात लावणार नाही."

"हात लावा. तोंड लावू नका म्हणजे झालं," बायको उसवलेली उशी शिवता शिवता म्हणाली.

मी मालबेक उघडली आणि सिंकपाशी गेलो. नमुना घेण्याआधी नळात साचलेलं पाणी सोडून द्यावं लागतं, नाहीतर पाइपाची चव नमुन्यात उतरते. हा नियम माझ्या हाडीमासी खिळलाय. बाटली सिंकवर तिरपी धरून मी मनात आकडे मोजायला लागलो. वीसला मुलगी वळली.

"बाबा, काय करताय?"

"साचलेलं सोडतोय."

अर्धी बाटली गटारात गेली होती. गटाराच्या पाण्याची तपासणी दुसऱ्या खात्याकडे असते, नाहीतर त्या दिवशीचा त्यांचा अहवाल मी मागवून वाचला असता. मुलगी रडली नाही, ओरडली नाही. कपाळाला हात लावून खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली की शुक्रवारच्या आत दुसरी बाटली मिळणार नाही. मला फार लाज वाटली.

"उरलेल्यात भागवायचं तर काम पद्धतशीर झालं पाहिजे," मी म्हणालो आणि बाह्या सरसावल्या.

तीन सारखे ग्लास. दोहोंत एकच वाइन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास शोधायचा आणि त्यात काय आहे ते सांगायचं. मध्ये साध्या पाण्याने चूळ. आमच्याकडे नवा माणूस असाच तयार होतो. मी कागदावर रकाने आखले. पहिल्या दोन्ही फेऱ्या तिच्या चुकल्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती प्रत्येक घोट गिळतेय.

"थुंक."

"वाया जाते, बाबा."

"पोटाला चव कळत नाही. डोकं मात्र जड होतं. थुंक."

ती थुंकायला लागली आणि उत्तरं बरोबर यायला लागली. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा करून ती मला कड दाखवायची. मालबेकची कड गुलाबीकडे झुकणारी, जांभळी. हे द्राक्ष मूळचं फ्रान्सचं, ती सांगत होती, पण तिथे त्याचा फारसा बोलबाला झाला नाही. लांब अर्जेंटिनाच्या उंच डोंगरात गेलं, तेव्हा कुठे त्याने नाव काढलं.

"घरात किंमत नसते कुणाकुणाला," बायको उशीकडे बघत म्हणाली. टोमणा कुणाला होता ते मला कळलं.

मग माझीच जीभ मला स्वस्थ बसू देईना. खात्री करून घ्यायला म्हणून मी एक घोट तोंडात घेतला. काही लागलं नाही म्हणजे छान, असं जिला अठ्ठावीस वर्षं शिकवलं, त्या जिभेवर एकदम सगळंच लागलं. पिकलेला आलुबुखार, काळी द्राक्षं, कुठल्याशा फुलाचा वास, मागून कोको, आणि शेवटी जास्त उकळलेल्या चहासारखा तुरटपणा, पण कॅबर्नेच्या मानाने मवाळ. खात्यात मी हा नमुना पाच कारणं देऊन फेटाळला असता. इथे मला तो थुंकवेना. मी गिळला. कुणी पाहिलं नाही. म्हणजे बायकोने पाहिलं.

सहाव्या फेरीला मुलीने क्षणभरही न थांबता तिसऱ्या ग्लासावर बोट ठेवलं. "हा वेगळा. ही मालबेक."

बरोबर होतं. सलग चौथ्यांदा बरोबर होतं. ही पोरगी शुक्रवारी पास होणार, हे मला लख्ख दिसलं, आणि त्याच्यापाठोपाठ ते पुसलेलं स्टूल दिसलं.

"चूक," मी म्हणालो आणि कागदावर तसं लिहिलं.

तिचा चेहरा उतरला. पुढच्या दोन्ही फेऱ्यांत ती चाचपडली आणि खरोखर चुकली. तेवढ्यात बाटली संपली.

सोमवारपासून मला पाण्याला चव लागायला लागली. सगळ्याच नमुन्यांना. हाताखालच्या लोकांना काहीच लागेना, तेव्हा दोष कुठे आहे ते मला समजलं. आमच्याकडे अहवालात चूक झाली तर खोडरबर चालत नाही. चुकलेल्या शब्दावर एक सरळ रेघ मारायची, मूळ शब्द वाचता आला पाहिजे, शेजारी खरं लिहायचं आणि सही करायची. शुक्रवारी मुलगी दारात बूट घालत असताना मी रविवारचा कागद तिच्यापुढे धरला. सहाव्या फेरीपुढच्या 'चूक'वर रेघ होती, शेजारी 'बरोबर' आणि माझी सही.

तिने तो दोनदा वाचला. "चुकून लिहिलं होतंत?"

"नाही. मुद्दाम."

"का?"

"तू माझ्या शेजारच्या स्टुलावर बसावंस असं वाटत होतं," मी म्हणालो. सबब सुचली नाही, म्हणून खरं तेच बोललो.

कागदाची घडी करून तिने पर्समध्ये ठेवली आणि निघून गेली. दिवसभर बायकोने माझ्याशी हो-नाहीपलीकडे शब्द काढला नाही, आणि ते रास्तच होतं.

संध्याकाळी मुलगी आली ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने आपली उत्तरपत्रिका टेबलावर ठेवली. मालबेक ओळखली होती. वर्णनात आलुबुखार होता, कोको होता, मवाळ तुरटपणा होता. सगळ्यात खाली तिने 'पिण्यास योग्य' लिहिलं होतं आणि त्याखाली माझ्यासारखीच लांब शेपटीची सही केली होती. त्या दोन शब्दांभोवती परीक्षकाने लाल गोल काढला होता.

"हे काय, म्हणून विचारलं त्यांनी," ती म्हणाली. "मी सांगितलं, आमच्या घरात याहून मोठं कौतुक नसतं."

"मग?"

"पास केलं."

मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदम, आणि कुठलं आधी ते माझ्या जिभेलाही सांगता आलं नसतं. गटाराचं पाणी तपासणारं खातं केव्हापासून एक जादा स्टूल मागत होतं. सोमवारी मी ते शेवटचं पुसलं आणि त्यांना देऊन टाकलं.