बाजेवरची दोन हेडं

मी हेड बोलतोय. शाळेतला हेडमास्तर नव्हे की चौकीतला हेड कॉन्स्टेबल नव्हे. तामलवाडीच्या चाँदपाशाचा जो दहा टायरी ट्रक आहे, त्याच्या इंजिनावर आम्ही दोघं जुळे भाऊ झाकणासारखे बसतो. त्यातला पुढचा मी. स्वभावानं तापट आहे, पण त्यात माझा दोष नाही. तुमचं डोकं विचारानं तापतं, माझं डिझेलनं.

कुठल्याशा ओतशाळेत लाल रसरशीत लोखंड साच्यात ओतलं आणि आम्ही जन्मलो. जन्मलो न जन्मलो तोच आमच्या अंगाला भोकं पाडली. काहींत वॉल्व बसले, काहींतून पाणी फिरायचं, काहींतून बोल्ट खाली जाऊन आम्हाला इंजिनाच्या ब्लॉकला जखडायचे. ब्लॉक आणि आमच्यामध्ये गॅस्केट नावाचा पापडासारखा पातळ पत्रा असतो. तो शाबूत आहे तोवर पाणी पाण्याच्या वाटेनं जातं आणि तेल तेलाच्या. तो फाटला की घरात जे भावकीचं होतं तेच इंजिनात होतं.

शेजारी टर्बो राहतो. इंजिनात जादा हवा फुंकून जोर आणायचा हे त्याचं काम. गाडीनं घाट चढला की लोक म्हणतात, "टर्बो गाडी हाय, चढणारच." 'हेडवाली गाडी हाय' असं कौतुक मी आजवर ऐकलेलं नाही. ताप मात्र सगळा आमच्या वाट्याला.

चाँदपाशा माणूस भला, पण ऐकणारा नव्हे. गेल्या महिन्यात सिमेंटची पोती घेऊन तुळजापूरचा घाट चढताना गाडीचा तापाचा काटा लालमध्ये गेला. मी आतून ओरडत होतो. त्यानं रेडिओचा आवाज वाढवला. वर पोचून माल उतरवला आणि दर दोन मैलांवर बाटलीनं पाणी पाजत तो आम्हाला घरी घेऊन आला. दारात थांबलो तेव्हा सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत होता आणि इंजिनातल्या तेलाचा मठ्ठा झाला होता. गॅस्केट गेलं होतं.

दुसऱ्याच दिवशी सोलापूरहून मुजीब आला. हा चाँदपाशाचा मेहुणा, त्याच्या बायकोचा थोरला भाऊ. भंगाराचा धंदा करतो. गाडीकडं तो खाटीक बोकडाकडं बघतो तसा बघत होता. (त्यांच्या घरात बोलणं दखनीत चालतं, मी तुम्हाला आपल्या बोलीत सांगतो.)

"दुल्हेभाई," मुजीब म्हणाला, "किती दिवस ह्या म्हातारीला सांभाळता? द्या मला, तोडून टाकतो. माझा टेम्पो मोकळाच हाय, त्यो चालवा तुम्ही. घरचंच काम हाय."

चाँदपाशाचा चेहरा उतरला. वीस वर्षं स्वतःच्या गाडीचा मालक असलेल्या माणसानं मेहुण्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर व्हायचं, ह्यापरीस मरण बरं असं त्याला वाटलं असणार. मला तर भट्टीच दिसायला लागली.

"म्या घरीच हेड उतरवतो," तो म्हणाला. "गॅरेजवाले पंधरा दिवस थांबा म्हणत्यात. पुढच्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की गाडी चालू करून दाखवतो. न्हाय झाली तर तूच ने."

"तुम्हाला येतंय का पर?"

"इतकी वरसं गॅरेजात चहा पेत बघत आलोय. त्यात काय अवघड हाय?"

ताहेराबी, म्हणजे चाँदपाशाची बायको, ओसरीवर वाकळ शिवत होती. गावातल्या निम्म्या घरांतल्या वाकळा तिच्या हातच्या. तिनं सुई थांबवून नवऱ्याकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा टाका घातला.

अंगणातल्या चिंचेच्या फांदीला चेनकुप्पी, म्हणजे वजन उचलायची साखळीची कप्पी, टांगली आणि साखळी खडखड ओढत चाँदपाशानं आधी मला आणि मग भावाला वर उचललं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच उघड्यावर आलो. अंगणातली धूळ लागू नये म्हणून त्यानं आम्हाला बाजेवर शेजारी शेजारी निजवलं आणि वरून पांढरी चादर ओढली. इथं घोटाळा झाला.

शेजारच्या सिताबाई ताक घेऊन आल्या. फाटकातूनच त्यांना बाज दिसली, चादर दिसली, आणि डोक्याला हात लावून उकिडवा बसलेला चाँदपाशा दिसला. त्यांनी ताकाचा तांब्या खाली ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला.

"कोण गेलं गं ताहेरा?"

"कोण न्हाय, मावशी. हेड हायत दोन."

"दोन्ही एकदमच?" सिताबाई मटकन खाली बसल्या. "एक तर परवाच शाळंच्या फाटकात दिसले होते की. चांगले बोलले माझ्यासंगं."

ताहेराबीनं चादर वर केली तेव्हा त्यांना माझं काळं ठिक्कर तोंड दिसलं. तोवर त्यांचा हुंदका अर्ध्यावर आला होता, तो त्यांनी तसाच पुरा केला. पण संध्याकाळपर्यंत चार माणसं टोप्या काढून येऊन गेली, आणि खरे हेडमास्तर तर स्वतः चौकशीला आले.

मग आम्ही टेम्पोत पडून सोलापूरला लेथवर गेलो. तिथं आमचं पोट घासून सपाट केलं. अंग हलकं झालं म्हणण्यापेक्षा वय कमी झालं म्हणा. परतलो तेव्हा चाँदपाशानं नवीन गॅस्केट आणून ठेवलं होतं आणि धुळाप्पा मिस्त्रीकडून टॉर्कचा पाना मागून आणला होता. बोल्ट ठरलेल्या जोराला आला की हा पाना टक् करतो, म्हणजे आता बास. मोबाइलवर हेड बसवायचा व्हिडिओही त्यानं पाहिला. पण त्यातला माणूस फार बोलतो म्हणून मधला भाग पुढं ढकलला.

चाकाचे नट समोरासमोर आवळायचे असतात हे त्याला ठाऊक होतं. पण मी चाकासारखा गोल नाही, लांबट आहे. त्यामुळं त्यानं आपल्या अकलेनं पोत्याचं तोंड शिवतात तसं एका टोकापासून सुरुवात केली आणि दुसऱ्या टोकाला जाऊन थांबला. प्रत्येक बोल्टला टक् वाजलं. तो खूश झाला. माझी दोन्ही टोकं घट्ट दबली आणि मधे केसाएवढी फट राहिली, हे त्याला कोण सांगणार?

गुरुवारी दुपारी त्यानं गाडी सुरू केली. आवाज झकास आला. चार मिनिटांनी माझ्या पोटाखालून पाण्याची धार लागली.

त्यानं इंजिन बंद केलं आणि तिथंच जमिनीवर बसला. एकदा दबलेलं गॅस्केट दुसऱ्यांदा चालत नाही. हात पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. मी त्याच्यावर आयुष्यभर चिडत आलो, पण त्या वेळी मला त्याची फार दया आली.

ताहेराबी उठून आली. वाकून तिनं धार कुठून येतेय ते पाहिलं.

"तुम्ही कडंनं का आवळलं?"

"मग कुठनं आवळायचं?"

"वाकळ कडंनं टाचली की मधे झोळ राहतो. आधी मधे टाचायचं, मग ह्या अंगाला एक, त्या अंगाला एक, असं भाईर यायचं."

"ताहेरा, हे इंजिन हाय. वाकळ न्हाय."

ती ओसरीवर आपल्या वाकळीकडं परत गेली. चाँदपाशानं मात्र मोबाइल काढून चिंचेमागं जाऊन ढकललेला भाग पाहिला. परत आला तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. एक नंबरचा बोल्ट बरोब्बर मधला होता.

"मुजीबला फोन लाव," तो म्हणाला. "उद्या गाडी न्यायला येणारच हाय, तर येताना गॅस्केटची जोडी घेऊन ये म्हणावं."

शुक्रवारी सकाळी मुजीब मोठा टेम्पो आणि दोन हमाल घेऊन आला. काखेत गॅस्केट. "जिला तोडायला आलो तिलाच सामान आणलं," असं तो स्वतःशी पुटपुटत होता, पण आणलं होतं नंबर एकचं.

मग जे झालं ते मी कुठल्याही गॅरेजात पाहिलेलं नाही. ताहेराबीनं कापडावर खुणा करायचा खडू आणला आणि माझ्या पाठीवर मधल्या बोल्टशेजारी एक लिहिलं. मग डावीकडं दोन, उजवीकडं तीन, अशी बाहेर बाहेर येत गेली. मला गुदगुल्या झाल्या. भावाच्या पाठीवरही तसंच. ती आकडा म्हणायची, चाँदपाशा आवळायचा. पहिला फेरा हलका, दुसरा जरा घट्ट. तिसऱ्याला चाँदपाशाचा खांदा भरून आला.

"भाई, नुसतं बघताय काय?" ताहेराबी भावाला म्हणाली. "धरा की पाना."

मुजीबनं शर्टाच्या बाह्या वर केल्या. "सात," ती म्हणाली. टक्. "आठ." टक्. त्याला घाम फुटला, आणि आणलेले हमाल टेम्पोतून पाय सोडून बघत बसले.

चाँदपाशा अंघोळ करून नमाजला गेला, मुजीबही गेला. परत आले ते निम्मा गाव घेऊन. चावी फिरली. आधी काळा धूर, मग निळसर, मग काहीच नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली. रेडिएटरात एक बुडबुडा आला नाही, माझ्या पोटाखाली थेंब नाही. टर्बोनं शीळ घातली तशी लोक म्हणाले, "टर्बो जोरात हाय." जाऊ द्या.

मुजीबनं रिकामा टेम्पो वळवला. जाताना बहिणीला म्हणाला, "धंदा बुडवलास माझा," आणि हसला.

आता मी बरा आहे. माझी मागणी फार नाही. काटा लाल झाला की थांबा, रेडिओ नंतर ऐका. आणि घरात कुणी कमी बोलत असेल तर त्याला एकदा विचारून बघा. मी वीस वर्षं ओरडत होतो, माझं ठीक आहे, मी लोखंड आहे.

परवा येडशीचा एक ट्रकवाला, बिरू नावाचा, पत्ता विचारत दारात आला. "इथं हेड बसवणारे मिस्त्री ऱ्हात्यात म्हणं?"

चाँदपाशा चहा पीत बसला होता. व्हय म्हणायला त्यानं तोंड उघडलंही. मग कपबशी खाली ठेवली, घराकडं वळला आणि हाक मारली, "ताहेरा, खडू घेऊन भाईर ये. तुझ्याकडं गिऱ्हाईक आलंय."